संध्याकाळचा देखावा आणि सकाळचे बुरूज

प्रश्न थोडक्यात असा. राहुरीकडच्या एका हौशी निरीक्षकाने मार्चमधल्या एका दिवसाचे फोटो आणि नोंदी दिल्या आहेत. सकाळी पावणेआठला पश्चिमेला, मधल्या उंचीवर, छोट्या छोट्या बुरुजांची एक रांग. दुपारी आभाळ स्वच्छ, ऊन कडक. चारनंतर नैऋत्येला मोठे ढग चढले. सहाच्या सुमारास डोक्यावर गाईच्या कासेसारखे लोंबणारे गोळे आणि त्यांवर मावळतीचा तांबूस उजेड. त्यांच्याकडे थेंब पडला नाही, शेजारच्या तालुक्यात मात्र गारा पडल्या. मोबाइलवरच्या नकाशात त्या दिवशी ५०० हेक्टापास्कलच्या पातळीवर, म्हणजे साधारण साडेपाच-सहा किलोमीटर उंचीवर, लाल पट्टा दिसत होता. गावात कोणी म्हणालं भूकंपाचे ढग, कोणी म्हणालं अमेरिकेचा प्रयोग. अशा विचित्र ढगांचा आणि वरच्या हवेतल्या गडबडीचा मेळ कसा घालायचा, आणि त्यावरून पुढचं काही सांगता येतं का, असं त्यांना विचारायचं आहे.

येतं, थोडंफार. पण तुम्ही ज्या फोटोभोवती गोल काढलाय तो सहा वाजताचा, आणि तो शिळा आहे. कामाचा फोटो पावणेआठचा. तो तुम्ही सगळ्यात शेवटी, जवळजवळ ओशाळून जोडलाय.

मी बत्तीस वर्षं वरच्या हवेच्या निरीक्षणात काढली. आधी पायलट बलून आणि थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण. नंतर रेडिओसाँड, म्हणजे फुग्याला बांधलेलं, वरच्या हवेचं तापमान आणि ओल रेडिओने खाली कळवणारं यंत्र. पायलट बलून म्हणजे हायड्रोजन भरलेला साधा फुगा. तो ठरलेल्या वेगाने वर चढतो. आपण दुर्बिणीतून त्याचा पाठलाग करायचा आणि दर मिनिटाला दोन कोन लिहायचे: क्षितिजापासून किती वर आणि उत्तरेपासून किती फिरून. त्यावरून प्रत्येक थरातला वारा निघतो. रात्री फुगा दिसत नाही म्हणून त्याच्याखाली कागदी कंदील बांधायचा, आत मेणबत्ती. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी, पहाटेच्या पाळीला, माझा कंदील ढगाच्या एका चिंधीआड गेला आणि चिंधी सरकल्यावर मी जो उजेड पकडला तो शुक्राचा होता. सात मिनिटं मी इमानेइतबारे शुक्राचे कोन लिहिले. ग्रह कुठे हलतोय? कोन तेच, उंची मात्र हिशोबात वाढत गेलेली, त्यामुळे कागदावर सगळ्या थरांत एकाच दिशेचा, एकाच वेगाचा वारा निघाला. वरिष्ठांनी कागद बघितला आणि शांतपणे विचारलं, "एवढा शिस्तीचा वारा कुठं भेटला तुम्हाला?"

हे सांगायचं कारण असं, की वारा इतका शिस्तीचा कधीच नसतो. जमिनीलगत एक, दीड किलोमीटरवर दुसरा, सहा किलोमीटरवर तिसरा, बारावर चौथा. ढग कितीही विचित्र दिसला तरी त्याला पहिला प्रश्न विचारायचा तो, "तू कुठल्या थरातला?" आकार काय, हा प्रश्न त्यानंतरचा. नवीन माणूस आधी नाव शोधतो. नाव सापडलं की समाधान होतं आणि बघणं थांबतं.

तुमचा कासेसारखा ढग मॅमाटस. लॅटिनमध्ये नावच मुळी त्या अर्थाचं आहे. गडगडाटी ढग, आमच्या भाषेत सीबी, वाढत वाढत वरच्या स्थिर थराला टेकतो आणि तिथे आडवा पसरतो. ही त्याची ऐरण. ऐरणीच्या पोटातले बर्फाचे कण खालच्या कोरड्या हवेत उतरतात, विरतात, हवा गार होऊन खचते आणि गोळे लोंबतात. या क्रियेचं नेमकं एकच कारण शास्त्रज्ञांत अजून पक्कं झालेलं नाही, पण हवा तिथे खाली येते आहे यावर वाद नाही. एकेक गोळा साधारण एक ते तीन किलोमीटर रुंद असतो, दहाएक मिनिटं टिकतो आणि मोडतो. पाऊस गोळ्यांतून येत नाही, तो ढगाच्या खोडातून येतो. आणि मार्चमध्ये आपल्याकडे वरचा वारा पश्चिमेचा, चांगला जोरकस असतो. तो ऐरण ओढून खोडाच्या पुढे पूर्वेला नेतो. ताशी साठ किलोमीटरने ऐरण पुढे सरकत असेल तर तासाभरात खोड आणि टोक यांत मोठं अंतर पडतं. तुमच्या डोक्यावर ऐरणीचं टोक होतं, खोड शेजारच्या तालुक्यात होतं आणि गारा खोडाखाली पडल्या. मॅमाटस दिसला म्हणजे आता वादळ येणार, हा समज खोटा. वादळ झालेलं आहे, कुठेतरी, आणि बहुतेक वेळा ते उताराला लागलेलं असतं.

तरी ते खोड आपल्याकडे येतंय का, हे बघायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. सगळ्यात काळ्या भागाची दिशा विजेच्या खांबाशी किंवा देवळाच्या कळसाशी जुळवून ठेवा. पंधरा मिनिटांनी त्याच जागी उभं राहून परत बघा. काळा भाग बाजूला सरकला असेल तर तो तुम्हाला टाळून चाललाय. दिशा तीच राहिली आणि नुसता वर चढत आला, तर वाळवण आत घ्या. वीज चमकल्यावर गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तिनाने भागले की किलोमीटर मिळतात. आकडा दहाच्या आत आला की बघणं बंद करून पक्क्या छपराखाली जायचं.

आता पावणेआठचा फोटो.

त्यात लहान लहान ढग एका सरळ तळावर उभे आहेत आणि वरची टोकं किल्ल्याच्या बुरुजांसारखी उठलेली आहेत. हा अल्टोक्युम्युलस कॅस्टेलानस. आपल्याकडे तो साधारण तीन ते सहा किलोमीटरच्या पट्ट्यात दिसतो. बघण्यासारखं असं की सकाळी पावणेआठला जमीन तापलेली नसते. खालून उष्णतेचा धक्का नाही, तरी ढग वर उसळतायत. म्हणजे तो थर मुळातच अस्थिर झालाय आणि त्यात ओलही आलीय. हे कोणी केलं? इथे तुमचा लाल पट्टा येतो.

उपोष्ण कटिबंधातला पश्चिमेचा झोतवारा हिवाळ्यात उत्तर भारतावर, साधारण बारा किलोमीटर उंचीवर वाहतो. त्यात लाटा असतात. लाटेचा खोलगट भाग, म्हणजे द्रोणी, कधी कधी बरीच दक्षिणेला लोंबते आणि गुजरात-महाराष्ट्रापर्यंत तिचा पायरव पोहोचतो. वर्तमानपत्रांत याला कधी पश्चिमी विक्षोभ म्हणतात, कधी पश्चिमी झंझावात. मला पहिला शब्द बरा वाटतो. झंझावात म्हटलं की माणूस पत्रे धरून बसतो आणि जमिनीवर तर पान हलत नसतं. द्रोणीच्या पुढच्या, म्हणजे पूर्वेच्या अंगाला हवा संथपणे वर सरकते. किती संथ? सेकंदाला दोनएक सेंटीमीटर. मुंगीपेक्षा जास्त नाही. पण गुणून बघा, चोवीस तासांत पावणेदोन किलोमीटर होतात. एवढी उचललेली हवा गार होते, तिच्यातली ओल दाटते, आणि खालच्या गरम थरावर बसलेलं झाकण ढिलं होतं. नकाशातला लाल रंग हवेच्या भोवऱ्याचं प्रमाण दाखवतो. कॅस्टेलानस हा त्याच गोष्टीचा डोळ्यांना दिसणारा पुरावा. नकाशा म्हणतो "मला वाटतं", ढग म्हणतो "झालंय".

पण इथेच नवशिक्या घसरतो, आणि मीही घसरलोय.

माझ्या मेहुण्याचं तासगावकडे बेदाण्याचं शेड आहे. फेब्रुवारी ते एप्रिल रॅकवर द्राक्षं वाळत असतात. त्यांच्यावर अवकाळीची एक सर जरी आली तरी माल काळा पडतो आणि भाव कोसळतो. एका मार्चमध्ये मी मिरजेला होतो. पहाटे फिरायला गेलो तर पश्चिमेला कॅस्टेलानसची देखणी रांग. मी तिथूनच फोन केला, बाजूच्या ताडपत्र्या सोड, संध्याकाळी गडगडणार. त्याने दहा माणसं लावून दिवसभर शेड झाकलं. आतली हवा कोंडली, एक दिवसाचं वाळणं बुडालं, मजुरी गेली ती वेगळी. संध्याकाळी आभाळ आरशासारखं. मेहुणा काही बोलला नाही. रात्री बहिणीचा फोन आला, "दादा, तुझे ढग कुठे राहिले?"

माझं चुकलं ते असं, की मी वर बघितलं आणि खाली बघितलंच नाही. वरचा थर अस्थिर होता, पण जमिनीलगत हवा ठणठणीत कोरडी होती. वारा वायव्येचा, सकाळी गाडीच्या टपावर दवाचा थेंब नाही. सीबीला खालून पाणी लागतं. पुरवठाच नसेल तर वरची द्रोणी येते आणि चार बुरूज उभे करून निघून जाते. आता मी आधी दवबिंदू तापमान बघतो, म्हणजे हवा किती अंशांपर्यंत गार केली की दव धरायला लागतं तो आकडा. ओल जास्त तितका तो वर. दख्खनच्या पठारावर मार्चमध्ये कोरड्या दिवशी ते दहा अंशांच्या खाली असतं. ते सोळा-अठराच्या घरात आलं आणि दोन दिवस तिथेच टिकलं, की मी कान टवकारतो. हा माझा ढोबळ आकडा, कुठल्या नियमावलीतला नाही. कोकणात तो चालणार नाही, तिथे ओल रोजचीच.

तिसरी गोष्ट त्या झाकणाची. भाकरी फुगते तेव्हा वरचा पापुद्रा वाफ धरून ठेवतो. पापुद्रा धड असेल तर वाफ साठते आणि भाकरी टम्म होते. आधीच भोक पडलं तर वाफ फुसफुस निघून जाते आणि भाकरी चपटी राहते. हवेतही दोन-तीन किलोमीटरवर गरम, कोरड्या हवेचा असा पापुद्रा असतो. तो सकाळीच फाटला तर दिवसभर किरकोळ कापशी ढग होत राहतात, मोठं काही होत नाही. तो दुपारी तीन-चारपर्यंत टिकला आणि मग एखाद्या ठिकाणी फाटला, तर सगळी साठवण एकदम वर जाते. तुमच्या नोंदीत "दुपारी आभाळ स्वच्छ, ऊन कडक" असं वाक्य आहे. तुम्ही ते निराशेने लिहिलंय, मी ते वाचून खुर्चीत सरसावून बसलो. सकाळी बुरूज, दुपारी स्वच्छ ऊन आणि खाली ओल, हे तिन्ही एकत्र आले की दुपारनंतर गडगडाटी ढग उठायची शक्यता खूप वाढते. सकाळी बुरूज आणि दिवसभर मळभ असेल तर जमीन तापतच नाही, प्रकरण तिथेच विझतं.

या तिन्ही गोष्टी घरबसल्या तपासता येतात. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा अशा ठिकाणांहून रेडिओसाँडचे फुगे सोडतात, भारतीय वेळ सकाळ-संध्याकाळ साडेपाच ही प्रमाण वेळ. त्यांचे आलेख वायोमिंग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येतात. आलेखात उजवीकडची रेघ तापमानाची, डावीकडची दवबिंदूची. खालच्या दीड किलोमीटरात दोन्ही रेघा जवळजवळ चिकटल्या असतील तर ओल आहे. त्याच्या वर तापमानाची रेघ उजवीकडे टुचकन वळली तर तो पापुद्रा. आणि कडेला वाऱ्याचे बाण असतात. खाली दक्षिणेचे किंवा आग्नेयेचे, वर पश्चिमेचे आणि उंचीबरोबर दांडगे होत जाणारे, तर ढग उठलाच तर सरळ उभा न राहता तिरका वाढेल, त्याची पावसाची बाजू आणि हवा ओढून घेणारी बाजू वेगळी राहील आणि तो जास्त वेळ जगेल. गारा अशा ढगातून येतात. मार्चमध्ये शून्य अंशाची पातळी साडेचार किलोमीटरच्या आसपास असते, मेपेक्षा खाली. त्यामुळे गारेला वितळायला अंतरही कमी मिळतं.

महाराष्ट्राने हे सगळं एकत्र २०१४ मध्ये बघितलं. फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ, मराठवाडा, मध्य महाराष्ट्र इथे पुन्हा पुन्हा गारपीट झाली. गहू, हरभरा, कांदा, द्राक्षं, डाळिंबं, हाताशी आलेलं गेलं. एखादा दिवस गारपीट आपल्याला नवी नाही. नवल होतं ते चिवटपणाचं. झोतवारा नेहमीपेक्षा दक्षिणेला सरकलेला, त्यातल्या द्रोण्या एकामागून एक येत होत्या, आणि खाली बंगालचा उपसागर व अरबी समुद्र दोन्हीकडून ओल येऊन राज्याच्या मध्यावर वारे एकमेकांना भिडत होते. हवामान खात्याच्या पत्रकात "वाऱ्यांची खंडितता" असा रुक्ष शब्द असतो, तो हाच. पत्रकातलं ते एक वाक्य वाचायची सवय लावून घ्या. ती रेघ विदर्भापासून कर्नाटकापर्यंत आहे की छत्तीसगडपर्यंत आहे, यावरून तुमचा तालुका खेळात आहे की प्रेक्षकांत, हे कळतं.

मोबाइलच्या नकाशांबद्दल थोडं कठोर बोलतो. तो रंगीत नकाशा संगणकाच्या मॉडेलचा अंदाज असतो. कोणी वर जाऊन मोजून आणलेला नाही. माणसं त्याला "सध्याची स्थिती" समजतात. दुसरं, उपग्रहाच्या चित्रांवर वेळ बहुतेकदा जागतिक प्रमाणवेळेत असते. त्यात साडेपाच तास मिळवायचे. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या दोन-तीन "गूढ ढगां"चं गूढ एवढ्यानेच सुटतं, कारण माणसाने संध्याकाळच्या फोटोशेजारी रात्रीचं चित्र ठेवलेलं असतं. इन्सॅटच्या चित्रांत पाण्याच्या वाफेचं म्हणून एक चित्र असतं, ते बघायला शिका. त्यात वायव्येकडून काळी, कोरडी जीभ आत शिरताना आणि तिच्या पुढे पांढुरका पट्टा सरकताना दिसला, तर द्रोणी खरोखर आलेली आहे. मॉडेलची साक्ष काढायला हे चित्र आणि सकाळचा फुगा, एवढं बास.

वरच्या वाऱ्याची दिशा मात्र तुम्हाला फुकट बघता येते. ऐरण कुठे ओढली गेलीय ते बघा. मार्च-एप्रिलमध्ये ती पूर्वेला ताणलेली असते. मेअखेर-जूनमध्ये एके दिवशी बघता बघता तीच पश्चिमेला ताणलेली दिसते. वरचा वारा फिरला. पावसाळ्यात तर चौदा ते सोळा किलोमीटरवर पूर्वेकडून झोतवारा वाहतो. हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये ज्याच्यावर लिहिलं, तो हाच. जुलैत ढग फाटले की पाच मिनिटं मान वर करून बघा. खालचे काळे ढग पश्चिमेकडून पूर्वेला धावतायत आणि त्यांच्या फटीतून दिसणारे सिरसचे, म्हणजे खूप उंचावरच्या बर्फाच्या ढगांचे, पांढरे तंतू बरोबर उलटे, पश्चिमेला ओढलेले. मला निवृत्तीनंतरही हे दृश्य दिसलं की उगाच आनंद होतो.

वेग काढायचा असेल तर हात लांब करून मूठ धरा. मूठ म्हणजे दहा अंश. डोक्यावरचा चार किलोमीटर उंचीचा ढग मिनिटाला एक मूठ सरकला, तर तो मिनिटाला सातशे मीटर, म्हणजे ताशी चाळीसच्या थोडा वर चाललाय. उंची कळायलाही बोटं कामाला येतात. ढगाचा एकेक तुकडा करंगळीने झाकला जात असेल तर तो खूप वरचा, सिरोक्युम्युलस. दोन-तीन बोटं लागली तर मधला. मूठ लागली तर खालचा. हे क्षितिजापासून तीनेक मुठींच्या वरच धरायचं, त्याच्याखाली सगळंच चपटं आणि दाटीवाटीचं दिसतं.

इंग्रजी पुस्तकांत एक प्रसिद्ध नियम आहे: खालच्या वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, वरचे ढग डावीकडून आले तर हवा बिघडणार. इंग्लंडात तो बरा चालतो, कारण तिथल्या गार-गरम हवेच्या सीमा त्याच्यामागे असतात. आपल्याकडे त्या सीमा नसतात. मी हा नियम दोन वर्षं वहीत तपासला. नाणेफेक केली असती तरी तेवढंच जमलं असतं.

आपल्या खळ्याच्या म्हणीचं मात्र उलट झालं. माझी आजी म्हणायची, लांब खळं जवळ पाऊस, जवळ खळं लांब पाऊस. मी तरुणपणी हसायचो. नंतर लक्षात आलं की चंद्राभोवती दोन वेगळ्या गोष्टी होतात आणि आपण दोघींना खळंच म्हणतो. चंद्राला चिकटलेलं, तांबूस कडेचं लहान तेजोवलय पाण्याच्या बारीक थेंबांमुळे होतं. लांबचं, चंद्रापासून बावीस अंशांवरचं, म्हणजे दोन मुठी आणि वर दोन बोटं, ते बर्फाच्या स्फटिकांमुळे. ते दिसलं म्हणजे वर सिरोस्ट्रेटसचा पातळ पडदा आलाय. तो पडदा तासागणिक जाड होत गेला तर द्रोणी किंवा एखादं चक्रीवादळ वरून ओल पाठवतंय. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी चक्रीवादळ गुजरातच्या दिशेने येत होतं तेव्हा त्याचा ढगांचा पिसारा वरच्या वाऱ्याने ईशान्येला फरफटत पुढे आणला होता, आणि केंद्र समुद्रात असतानाच मुंबईत भर डिसेंबरात पाऊस पडत होता. मात्र पावसाळ्यात हेच खळं रोजच्या ऐरणींच्या उरलेल्या सिरसमुळे पडतं, त्याला काडीचा अर्थ नाही. म्हणजे आजी नोव्हेंबर ते मार्च बरोबर होती.

विमानामागची पांढरी रेघ हीदेखील अशीच साधी खूण आहे. ती दोन मिनिटांत विरली तर दहा-बारा किलोमीटरवर हवा कोरडी. अर्धा तास टिकून पसरत गेली तर तिथे ओल आलीय. एकट्या रेघेवर जाऊ नका. खळं आणि रेघ दोन्ही एकाच दिवशी दिसली तर वहीत फुली मारा.

बाकीच्या विचित्र आकारांचं पटकन सांगतो. ढगाच्या चादरीला गोल भोक आणि त्यात लोंबणारी पांढरी शेपूट दिसली तर तिथून विमान गेलेलं आहे. शून्याखाली जाऊनही न गोठलेले थेंब विमानाच्या धक्क्याने गोठले आणि खाली सांडले, इतकंच. समुद्राच्या फुटत्या लाटांसारखी नक्षी म्हणजे दोन थरांतल्या वाऱ्यांच्या वेगातला फरक. ती मिनिटभर टिकते, त्यामुळे आधी फोटो काढा, मग लोकांना हाका मारा. खवळलेल्या समुद्राचा तळ खालून बघतोय असं वाटणारा ढग म्हणजे अस्पेरिटास. हे नाव जागतिक हवामान संघटनेच्या मेघकोशात २०१७ मध्येच आलं, आणि ते यावं म्हणून जगभरच्या हौशी लोकांनी फोटो जमवले होते. तेव्हा तुमच्या फोटोंना कमी लेखू नका.

एकच नाट्यमय ढग असा आहे जो शिळी बातमी देत नाही: शेल्फ क्लाउड. क्षितिजावर काळा, थरथरांचा, कठड्यासारखा पुढे आलेला पट्टा, त्याच्याखाली विटकरी धूळ किंवा पांढरा पाऊस. गडगडाटी ढगातून कोसळलेली गार हवा पुढे पसरते आणि समोरची गरम हवा उचलते, तिचा हा कठडा. तो दिसला की तुमच्याकडे पाच ते पंधरा मिनिटं आहेत. व्हिडिओ काढत शेतात उभं राहायचं नाही, झाडाखाली गाडी लावायची नाही. विजेची पूर्वसूचना देणारं "दामिनी" हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या कामातून आलेलं अॅप आहे, ते फोनमध्ये असू द्या.

आणि भूकंपाचे ढग नसतात. जमिनीखालच्या ताणाचा आणि ढगाच्या आकाराचा संबंध कोणी दाखवून दिलेला नाही. अमेरिकेचा प्रयोग म्हणतात तो अलास्कातल्या गाकोनाचा हार्प. तिथे अभ्यास आयनांबराचा चालतो, म्हणजे जमिनीपासून साठ-सत्तर किलोमीटरच्या वरचा. आपले ढग सतरा-अठरा किलोमीटरच्या आत संपतात. गावातल्या त्या गृहस्थांना हे सांगून उपयोग होणार नाही, मी प्रयत्न करून पाहिलाय.

एका जागेवरून दिसणाऱ्या आभाळाची मर्यादा मात्र कायम डोक्यात ठेवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ७३.४. एकाच शहराची दोन टोकं. त्या दिवशी कुलाब्याच्या गच्चीवर उभ्या असलेल्या सर्वोत्तम निरीक्षकालाही "बरा पाऊस आहे" एवढंच लिहिता आलं असतं. म्हणून तुमच्या नोंदी संगमनेर, श्रीरामपूर, नेवासा इथल्या दोन-तीन जणांच्या नोंदींशेजारी ठेवायची सोय करा. चार डोळ्यांत एक ऐरण आणि तिचं खोड दोन्ही सापडतात.

वहीत काय लिहायचं? वेळ, दिशा, क्षितिजापासून किती मुठी, आभाळाचे आठ भाग धरून त्यातले किती झाकलेत, ढग कुठून कुठे चालले, खाली वारा कुठला, सकाळी दव होतं का. फोटोत खांब, कळस, पाण्याची टाकी, काहीतरी न हलणारं यायलाच हवं. आणि ज्या दिवशी बुरूज दिसले पण काहीच झालं नाही, तो दिवस तर जरूर लिहा. हौशी वह्यांत नेमकी हीच पानं नसतात. त्यामुळे प्रत्येकाला वाटतं की आपला ढग दर वेळी खरा ठरला. माझ्या वहीत अकरा वर्षांच्या फेब्रुवारी ते मेमध्ये कॅस्टेलानसच्या शंभरावर सकाळी आहेत, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त सकाळींपुढे "सायं. निरंक" लिहिलंय. दवबिंदू आणि दुपारचं ऊन या दोन चाळण्या लावल्या की उरलेल्यांत दम दिसायला लागतो.

तुमच्या त्या दिवसाबद्दल मला दोन गोष्टी हव्या आहेत. पावणेआठच्या फोटोतले बुरूज अर्ध्या तासात वाढले की विरले? आणि त्या पहाटे उसाच्या पातीवर दव होतं का? मेहुणा आता मार्चमध्ये रोज सकाळी साडेसातला फोन करतो. ढग आहेत का, हे तो विचारत नाही. गाडीचा टप ओला होता हे मात्र आपणहून सांगतो.